नळीखाली

तिकोडीकर सुभेदारांच्या सुनेनं
कॅम्पातून रिक्षात आडवी घालून आणली ती,
जुन्या चादरीत गुंडाळलेली,
पाय बाहेर काढून झोपलेल्या माणसासारखी.
"अमेरिकेतली आहे म्हणे. कुणाची, तेवढं सांगा."

अब्बांनी आधी हात धुतले.
मग तेलाच्या फडक्यानं
घोड्याशेजारची पट्टी पुसली. अक्षरं वर आली.
सून म्हणाली, "सापडलं की हो नाव!"
"हे कुलूप करणाऱ्याचं," अब्बा म्हणाले.
"कुलपं विलायतेहून डझनावारी जायची तिकडं.
दाराच्या कुलपावर अलिगढ असलं
म्हणून घर अलिगढचं होतंय होय?"

दस्त्यात पितळेची डबी होती, झाकणावर वेलबुट्टी.
उघडली. आत चिंधीचा तुकडा
आणि एक वाळलेलं झुरळ.

मग त्यांनी नळी खिडकीकडं तिरकी धरली.
आठ पैलूंची नळी. वरच्या पैलूवर,
बारुदाच्या घरापासून वीतभर पुढं,
नेम धरायच्या खाचेच्या अलीकडं,
घाईत गिरवल्यासारखं, शेपटीदार, एक नाव,
आणि शेवटच्या अक्षरापाशी
छिन्नी घसरल्याचा ओरखडा.
"हा बघ," अब्बा मला म्हणाले, "हा तो."

"इथंच का?" नववीत होते मी.
"डोळा लावून बघ."
लावला. खाचेत माशी, माशीवर
समोरच्या भांड्यांच्या दुकानातली घागर,
आणि या सगळ्याच्या आधी, डोळ्याखाली,
वाचता येऊ नये इतकं जवळ, ते नाव.
"हरण मारा न्हाईतर माणूस मारा,
आधी माझ्यावरनं जा, म्हणतोय."
जरा थांबले.
"इंग्रजीत नावाला नेमच म्हणतात, न्हवं?"

आमच्याही पाटीवर नाव होतं, दरबार गल्लीच्या तोंडाला:
दावलसाब शिकलगार, बंदूक दुरुस्ती.
एका वर्षी मराठीवर डांबर आलं,
एका वर्षी कानडीवर.
तिसऱ्या वर्षी अब्बांनी पाटी उतरवली
आणि भात्याखाली उलटी सरकवली.
"तेलाचा वास येतोय गिऱ्हाइकाला. त्येवर येईल."

निवडणूक आली की दुकानातल्या बंदुका
ठाण्यात जमा करायच्या.
पोलीस रजिस्टर फिरवून बोट टेकवायचा,
"इल्ली सही माडरी."
अब्बा त्या बोटापासून लांब,
रकान्याच्या अगदी कडेला, उर्दूत सही करायचे.
पोलीस दरवेळी तिच्याकडं
किडा बघितल्यासारखा बघायचा.

अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली.
काल कणकुंबीकडचा भरमाणी गावडे आला,
रानडुकरं हाकायची ठासणीची बंदूक घेऊन.
"बार उडत न्हाई. नुसती फुसफुसते."
मी पाचर ठोकून काढली,
नळी लाकडातून उचलली, पालथी केली.
जी बाजू लाकडाला टेकलेली असते,
जी मालकाला जन्मभर दिसत नाही,
तिथं, गंजात, तांदळाएवढं:
दा. शि.

गोल्याळीच्या बंदुकीखाली कानडीत सापडलं होतं.
एकीवर तर नुसता वळलेला दाल,
पुढचं कोरायला वेळ मिळाला नसावा,
किंवा कुणीतरी दुकानात आलं असेल.
इथं डांबर कोण लावणार?
इथपर्यंत येतो फक्त दुरुस्ती करणारा.
म्हणजे मी.

छिन्नी हाताशी होती.
"शि"च्या पुढं जागाही होती, नखभर.
भरमाणी म्हणाला, "काय बघूलालीस गं एवढं?"
"गंज," मी म्हटलं.

तेल सोडलं. नळी बसवली. पाचर ठोकली.
रजिस्टर पुढं सरकवलं, बोट टेकवलं.
त्यानं पेनाकडं बघितलं नाही,
अंगठाच वर धरला,
आणि मी ड्रॉवरमध्ये
शाईचा पॅड शोधत राहिले.